पुसून घे

२ नोव्हेंबर, ताडकळस

पोचले. परभणीच्या स्टँडवर बस लागलेलीच होती, खिडकीची जागा मिळाली आणि माझ्या ट्रंकेवर कुणी बसलं नाही. आत्याला फोन करून एवढं सांगितलं, तर ती म्हणाली, आजच्या पानावर तेवढंच लिहू नकोस, घर कसं आहे तेही लिही.

आत्या म्हणजे नर्मदाबाई, माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणी मला सारखा दमा उठायचा, म्हणून चौथीपर्यंतची शाळा तिने सेलूच्या घरीच घेतली. रोज एक पान लिहायचं. लिहिलेलं खोडायचं नाही. पाटी पुसण्याआधी तिला दाखवायची. पाटी केव्हाच गेली, बाकीचे नियम मी अजून पाळते.

तर घर. स्लॅबचं आहे, मागे शेत. पुढच्या खोलीत वर्ग आणि दारावर पत्र्याची पाटी: ‘राजेश्वर संगणक व टंकलेखन वर्ग’. राजेश्वर हा घरमालक कल्याणरावांचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. तेव्हापासून बंद असलेला वर्ग त्यांना पुन्हा सुरू करायचा आहे, आणि शिकवायला मी. राहायला वर्गाच्या मागची खोली. खिडकीतून कापूस दिसतो आणि कापसात एक चुना लावलेला ओटा. ती राजेश्वरची समाधी. हे लिंगायत, यांच्यात माणसाला बसवून मूठमाती देतात. काकूंनी, म्हणजे भागम्मांनी, मला ती पहिल्याच फेरीत दाखवली, जसं कुणी विहीर किंवा गोठा दाखवावा तसं. तिथे उभ्या राहून त्यांनी, ही नवी बाई आली बग, असं सांगितलंही.

कल्याणकाका मला मॅडम म्हणतात. मी त्यांना मुलीसारखी, नुसतं भक्ती म्हणा, असं सांगितलं. ते म्हणाले, “फी घेनाऱ्याला मॅडम म्हनावंच लागतंय.” जेवताना काकू सारखं वाढत होत्या. इथे मला बरं वाटेल असं वाटतं.

४ नोव्हेंबर

वर्गातले सगळे कॉम्प्युटर जुने आहेत. त्यांच्यावर आता नवी विंडोज चालत नाही. मी काकांना लिनक्सबद्दल सांगितलं: फुकट असतं, हलकं असतं, जुन्या यंत्रांनाही पेलतं. ते म्हणाले, नाव तर आमच्याच भावकीतलं वाटायलंय, घाला. मग हसले. काकू म्हणाल्या, कितीतरी दिवसांनी हसले.

सुकेशनी नावाची मुलगी वर्ग झाडायला आली होती. राजेश्वर सरांकडे टायपिंग शिकली, आता पुढचं माझ्याकडे शिकणार आहे. तिने सरांची पद्धत सांगितली. बोटं जरा बसली की सर स्क्रीन बंद करायचे आणि म्हणायचे, आता लिही. समोर सगळं काळं. आपण लिहितोय ते दिसत नाही, चुकलं तरी कळत नाही. मग ते बटण दाबायचे आणि लिहिलेलं सगळं एकदम समोर यायचं. “लय भ्या वाटायचं मॅडम. पन काळ्यावर लिव्हायला आलं की मग कुटंबी येतंय, असं म्हनायचे सर.”

पद्धत चांगली आहे. मीही वापरीन.

७ नोव्हेंबर

बाकीची यंत्रं तयार झाली. एकही अडलं नाही. पेनड्राइव्ह लावायचा, भाषा मराठी निवडायची, विचारील त्याला उत्तर देत जायचं. पुढे जाण्याआधी मी प्रत्येक पडदा दोनदा वाचते. याला आत्या सावधपणा म्हणते, आई भित्रेपणा.

राहिला कोपऱ्यातला. तो राजेश्वरचा स्वतःचा. सुरू केला की त्याचं नाव येतं आणि तिथेच अडकतो, आत जाता येत नाही. काका म्हणाले, ते पन बगा, चालू झालं पायजे. मी बसले तेवढ्यात काकू ओलं फडकं घेऊन टेबल पुसायला आल्या. पडद्यावर मोठ्या अक्षरांत त्याचं नाव होतं. त्यांना वाचता येत नाही, पण ते नाव ओळखतात. म्हणाल्या, “आदी राजेश्वरला पुसून घे, मग तुझं काय ते घाल.”

त्या असं म्हणतील असं वाटलं नव्हतं. म्हणून मी परत विचारलं, काकू, नक्की? त्या फडकं पिळत म्हणाल्या, “मग काय तर. त्याला पुसल्याबिगर इथं कशाला हात लावायचा न्हाई.”

किती धीराची बाई. माझ्या आईला हे जमलं नसतं. पुढे पडद्यावर प्रश्न आला, जुन्याच्या शेजारी नवीन ठेवायचं की डिस्क पुसून नवीन घालायचं. मी दुसऱ्यावर खूण केली. खाली ताकीद होती की हे परत आणता येणार नाही. दोनदा वाचली. पुढे गेले.

काम पूर्ण झालं, यंत्र बंद होऊन सुरू झालं. आणि पडदा काळा. उद्या बघू.

८ नोव्हेंबर

अजून काळाच.

स्क्रीनचा दिवा हिरवा आहे, म्हणजे वीज आहे. केबल काढून लावली, दुसऱ्या यंत्राची लावली. मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरपा धरून पाहिला. कधी कधी चित्र असतं पण मागचा उजेड गेलेला असतो. काही नव्हतं, माझा चेहरा सोडून.

नेटवर वाचलं की हे पुष्कळांना होतं. लिनक्स आत सुरू झालेलं असतं, पण चित्र दाखवणाऱ्या कार्डाशी त्याचं जमत नाही. उपाय असा: सुरू होताना शिफ्ट दाबून धरायची, मेनू येतो. तिथे ‘ई’ दाबलं की सुरुवातीच्या आज्ञांची ओळ उघडते. त्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’ असे दोन शब्द असतात, त्यांच्यापुढे ‘नोमोडसेट’ लिहायचं. मेनू आला, शब्द लिहिला, एफ टेन दाबलं. काळा.

दुपारभर हेच. काकू दोनदा दारात येऊन डोकावून गेल्या. यंत्र आतून चालू आहे हे पंख्याच्या आवाजावरून कळतं. थोडा वेळ थांबतो, मग चालतो, मग थांबतो. जुन्या यंत्रांचा पंखा असा चालतोच.

९ नोव्हेंबर

काय लिहू. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी काकू चहा घेऊन आल्या, माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि हळूच विचारलं, “काय म्हनला मग?”

मी म्हटलं, कोण?

“राजेश्वर की गं. पुसलंस न्हवं त्याला?”

काकूंचं माहेर उदगीरच्याही पलीकडे, बिदरकडे. तिकडे पुसणे म्हणजे विचारणे. त्या रोज सकाळी समाधीशी उभ्या राहतात आणि त्याला पुसतात: कापूस विकू का, डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ का. मला यंत्राला हात लावण्याआधी त्याची परवानगी घ्यायला सांगत होत्या. आमच्या घरी हा शब्द त्या अर्थाने कुणी वापरत नाही. आत्याने वापरू दिला नसता.

आणि मग त्यांनी बाकीचं सांगितलं. शेवटच्या महिन्यात त्याला उठवत नव्हतं, तेव्हा तो या कोपऱ्यात उशीला टेकून बसायचा आणि कॉम्प्युटरमध्ये बोलून ठेवायचा. अम्मासाठी, म्हणजे काकूंसाठी. अम्माला वाचता येत नाही आणि डोळ्यांत मोतीबिंदू, फोटो धड दिसत नाही, म्हणून आवाज. कोणती गोळी कधी घ्यायची, बाबा चिडले तर काय करायचं, असं सगळं. पुढे यंत्र अडलं आणि ते ऐकायचं राहून गेलं. “वर्गाचं निमित्त गं. मला आयकायचंय त्याला.”

मी म्हटलं, अजून बोलला नाही, काकू.

म्हणजे मी खोटं बोलले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “बोलंल. लहानपनीबी उशिरा बोलला.”

हरवलेल्या फायली परत काढण्याचे प्रोग्राम असतात. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून दिवसभर एक चालवला. डिस्कवर जुनं काही नाही असं आलं. तुकडेही नाहीत. पुसलेल्या डिस्कवर तुकडे राहतात, राहायलाच हवेत.

उद्या सांगायचं. काहीही होवो, खोटं ठेवायचं नाही.

१० नोव्हेंबर

अंघोळ करून थेट काकांपुढे जाऊन उभी राहिले. पेपर वाचत होते. सगळं सांगितलं: पुसणे या शब्दाचं, डिस्कचं, आवाजाचं, कालच्या खोट्याचं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. चष्मा काढला आणि विचारलं, “राजेश्वर कोन?”

मला वाटलं रागाने म्हणत आहेत. चिडलेला बाप मला मुलगाच नाही म्हणतो तसं. मी रडायला लागले. त्यांनी घाबरून काकूंना हाक मारली. काकू आल्या, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. म्हणाल्या, “कुनाच्या पोराचं बोलायलीस बाई? आमाला कुटं लेकरू हाय.”

माझी चेष्टा करत नव्हत्या. त्यांचा चेहरा मोकळा होता, काल नव्हता तसा. आत जाताना गुणगुणत होत्या.

बैठकीत त्याचा फोटो आहे, विभूती लावलेला. चौकट आहे. विभूती आहे. काचेच्या आत काळं आहे. काकू म्हणाल्या, आरसा खराब झालाय, टाकून द्यायला पायजे.

दारावरच्या पाटीवर ‘संगणक व टंकलेखन वर्ग’ एवढंच आहे. त्याच्या आधी कोरा पत्रा. रंग खरवडलेला नाही.

एक गोष्ट लिहायलाच हवी. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. आता मला कुणी काही म्हणणार नव्हतं.

११ नोव्हेंबर

सुकेशनीला विचारलं, तुला टायपिंग कुणी शिकवलं? ती विचारात पडली. म्हणाली, “मालूम न्हाई मॅडम. बोटं आपसूक चालत्यात.” मी म्हटलं, सर, काळी स्क्रीन, भ्या वाटायचं, तूच सांगितलंस. ती हसली. माझ्याकडे जरा जपून बघितलं आणि झाडू घेऊन पलीकडच्या बाजूला गेली.

शेतात जाऊन आले. ओटा नाही. ओट्याच्या जागी कापूस उभा आहे, बाजूच्या झाडांइतकाच उंच, बोंडं फुटलेली. नव्याने लावलेला नाही. हाताने माती उकरून पाहिली. मुळं खोल गेली आहेत. मागून काका आले आणि म्हणाले, मॅडम, तब्येत बरी न्हाई का, घरच्यांना बोलवू का?

तो जमिनीत बसलेला होता. आता बसलेला नाही.

इथे तो फक्त या वहीत आहे.

१२ नोव्हेंबर

यंत्रापाशी गेले. दुसरं काय करणार.

त्या ओळीतल्या ‘क्वाएट’चा अर्थ आज नीट लक्षात आला. गप. सुरू होताना यंत्र काय काय करतं ते त्याने बोलून दाखवू नये म्हणून तो शब्द असतो. मी तो काढला, ‘स्प्लॅश’ही काढला आणि सुरू केलं. पांढऱ्या ओळी भराभर वर गेल्या. काय सापडलं, काय नाही, सगळं. मग पडदा काळा झाला. पण या वेळी वरच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत राहिली.

पंखा थांबला.

मला सुकेशनीने सांगितलेलं आठवलं. काळ्यावर लिहायचं. मी बोटं ठेवली आणि लिहिलं. दिसत नव्हतं. सर, माझी चूक झाली. मी तुम्हाला न विचारता पुसलं. काकूंसाठी परत या.

आणि स्क्रीनचं बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. सर करायचे तसं.

मी लिहिलेलं नव्हतं. तिथे होतं:

पुसू का?

मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. काकूंचा शब्द. या घरातला शब्द. तो आहे, त्याला काही विचारायचं आहे. आता तरी मला हा शब्द कळतो. विचारा, काहीही विचारा, मी खरं सांगेन.

मी लिहिलं, पुसा.

पंखा सुरू झाला. रेघ गेली. काळा पडदा. त्याने काहीच विचारलं नाही.

१३ नोव्हेंबर

सकाळी माझं ताट मांडलेलं नव्हतं. मी जाऊन बसले तेव्हा काकू दचकल्या. मग म्हणाल्या, “अगं बाई, तू हायेस न्हवं.” वाढलं. हात थांबत थांबत वाढलं. ताटात ज्वारीच्या भाकरीचा सुकलेला तुकडा होता.

सुकेशनी वर्गात आली. माझ्यासमोर काकांना विचारलं, नव्या मॅडम कवा येनार? काका म्हणाले, बघू, सांगितलंय एक-दोन जनांना.

मी खुर्चीवर होते. माझ्या हातात खडू होता.

आता कळतंय मला काय विचारलं होतं — विचारलं नव्हतं. आत्याचा शब्द होता तो, पाटी पुसायचा. आमच्या घरातला.

१४ नोव्हेंबर

आत्याला फोन केला. तिचा आवाज ऐकून रडू आलं. ती म्हणाली, कोण आपण?

भक्ती.

कोणती भक्ती?

मी म्हटलं, आत्या, दमा, पाटी, रोज एक पान. ती शांतपणे म्हणाली, माझ्या भावाला मूल नाही हो. कुणाचा तरी नंबर चुकला असेल. ठेवण्याआधी म्हणाली, बोलण्यावरून चांगल्या घरात शिकलेल्या वाटता. रडू नका.

स्टँडवर गेले. बाजाराची गर्दी होती. हात केला, बस थांबली नाही. दुसरीत चढले, तर एक बाई माझ्या मांडीवर बसायला — तिला मी दिसले नाही. उतरले. ट्रंक कुठे ठेवली ते आठवत नाही. ट्रंक आणली होती का, हेही —

वहीत आहे. आणली होती.

१५

पहिल्या पानावर माझं नाव लिहिलेलं असतं. आत्या लिहायला लावायची. आता नाही. खोडलेलं नाही, नुसतं नाही. कालच्या पानावर आहे, म्हणून ते बघून इथे लिहिते: भ

पुढचं अक्षर बघायला मागे गेले तर तिथेही —

यंत्र बंद केलं. वायर भिंतीतून काढली. पंखा चालू आहे.

त्याला परत लिहिलं. पुसू नका. थांबा. मी एकटी आहे जिला तुम्ही आठवता. मी गेले तर तुम्हीही — तुमचा आवाज, अम्मासाठी —

बटण दाबलं.

पुसू का?

मी उत्तर दिलेलं नाही. बोटं कीबोर्डवर होती. पण मी उत्तर —

काकू बाहेर गात आहेत. किती सुखात

मागच्या खोलीत एक वही सापडली. कापूस दिसतो त्या खिडकीत. अक्षर वळणदार आहे, मी आत्ता लिहितेय तसंच, कुणीतरी मनापासून शिकवलेलं. एका घराबद्दल आहे. कुणी राजेश्वर, कुणी आत्या. दोघांपैकी कुणालाच मी ओळखत नाही. पुष्कळ जागा कोऱ्या आहेत, वाचता वाचता आणखी होतात.

कुणाची असेल? घरात दोघंच म्हातारी माणसं आहेत आणि ती माझ्याकडे बघत नाहीत.

पुढच्या खोलीत कोपऱ्यात काळी स्क्रीन आहे. तिच्यासमोर खुर्ची ओढलेली आहे. तिथे कुणी असेल तर त्यालाच पुस